शास्त्रीय संस्था आणि शहाद्याचा पिंगळा

तापीच्या उत्तर तीरापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहादें आणि तळोदें हे दोन तालुके पसरलेले आहेत. इंग्रजी अमदानींत हा मुलूख खानदेश जिल्ह्यांत मोडत असे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हां तो पश्चिम खानदेशांत गेला. पुढें धुळें जिल्ह्याचा भाग म्हणून राहिला. आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार या नव्या जिल्ह्यांत आला. नंदुरबारची मिरची आणि सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु पक्षिशास्त्राच्या जगांत या मुलुखाची कीर्ति आहे ती एका वीतभर घुबडामुळें. त्या घुबडाची हकीकत ही एका अर्थानें मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचीही हकीकत आहे. आणि शास्त्रीय संस्था कशी चालवावी, ती जुनी झाली म्हणजे तिला नवा जोम कोठून मिळतो, या प्रश्नाचा विचार करणारास तिच्यांत पुष्कळ सामग्री सांपडते.

पिंगळा हा खेड्यांतील माणसास अपरिचित नाहीं. आंब्याच्या ढोलींत राहणारा, दिवेलागणीस घराच्या आढ्यावर येऊन कलकलाट करणारा ठिपकेदार पिंगळा गांवोगांवीं आढळतो. रानपिंगळा हा त्याचा भाऊबंद. आणि भाऊबंदांत जितकें साम्य असावें तितकें या दोघांत आहेच. परंतु रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोट पांढरें स्वच्छ असतें, डोकें आणि चोंच शरीराच्या मानानें मोठी असते. शिवाय घुबड असूनही तो दिवसाउजेडीं शिकार करतो. १८७२ च्या डिसेंबरांत एफ. आर. ब्लेविट यांस आजच्या छत्तीसगडांतील फुलझर भागांत त्याचा पहिला नमुना मिळाला, आणि १८७३ सालीं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. हेच ह्यूम पुढें काँग्रेसच्या स्थापनेंत अग्रभागीं होते. १८७७ सालीं व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञास दुसरा नमुना मिळाला. उरलेले सारे नमुने जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें १८८० नंतरच्या चार-पांच वर्षांत शहादें-तळोदें या भागांत मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या हातीं लागला नाहीं. साऱ्या जगांतील संग्रहालयें धुंडाळलीं तरी रानपिंगळ्याचे खरे नमुने अवघे सात.

डेव्हिडसन खानदेशांत पक्षी जमवीत होते त्याच सुमारास, १५ सप्टेंबर १८८३ रोजीं, मुंबईस भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमांत आठ गृहस्थ एकत्र जमले. आपापलीं निरीक्षणें एकमेकांस सांगावीं, मिळालेले नमुने दाखवावे, एवढाच त्यांचा हेतु होता. त्या आठांपैकीं दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष आणि व्याकरणकार दादोबांचे बंधु, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, ज्यांच्या घरीं रखमाबाईंसारखी सावत्र कन्या वाढली. बाकीच्या सहांत जकातींतला कामगार होता, लष्करी कर्नल होता, वैद्य होते. प्राणिशास्त्र हा ज्याच्या पोटापाण्याचा धंदा आहे असा त्यांत जवळजवळ कोणीच नव्हता. शास्त्रीय संस्था म्हटली कीं ती पंडितांनींच स्थापिली असली पाहिजे, असा जो समज आहे त्यास या सोसायटीचा जन्मच बाध आणतो.

संस्थेस स्वतःची जागा नव्हती. एच. एम. फिप्सन नांवाच्या दारूच्या व्यापाऱ्यानें १८८४ सालीं आपल्या दुकानांतील कांहीं भाग तिला दिला. आणि तोच व्यापारी १८८६ पासून १९०६ पर्यंत वीस वर्षें तिचा मानद चिटणीस राहिला. गव्हर्नर अध्यक्षपद भूषवीत, चिटणीस पेट्या उघडी. संस्थेचा जीव त्या पेट्यांत होता. कोणा जंगल अधिकाऱ्यानें साप पाठवावा, मळेवाल्यानें फुलपाखरें पाठवावीं, रेल्वेच्या इंजिनियरानें एखाद्या पक्ष्याचीं अंडीं पाठवावीं. आणि प्रत्येकास उत्तर जावें. १८८६ च्या आरंभीं सोसायटीचें जर्नल सुरू झालें. त्यांत विद्वत्तापूर्ण निबंध तर येतच, परंतु पाठीमागें किरकोळ टिपणांचा एक विभाग असे. अमुक ठिकाणीं अमुक पक्षी अमुक तारखेस पाहिला, इतकेंच चार ओळींचें टिपण कोणाही सभासदानें पाठवावें आणि तें छापलें जावें, अशी ही व्यवस्था. संस्थेचे खरे आधारस्तंभ ते निबंध नव्हेत, तीं टिपणें होत, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. स्वतः डेव्हिडसन यांनींच पुढें कारवारकडे असतांना टी. आर. बेल आणि सोसायटीचे पहिले मानद चिटणीस एटकेन यांच्यासह उत्तर कानडा जिल्ह्यांतील फुलपाखरांवर जी लेखमाला लिहिली ती याच जर्नलांत आली. एक कलेक्टर, एक जंगलखात्याचा अधिकारी आणि एक मिठाच्या खात्याचा अधिकारी अशा तिघांचें तें काम आजही आधारास घेतलें जातें.

अशा संस्थेंत दार किती उघडें असतें याचें उदाहरण म्हणून सलीम अली यांची गोष्ट नेहमीं सांगितली जाते. दहा-एक वर्षांच्या वयांत त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हें विचारण्यास तो मुलगा बिचकत सोसायटीच्या कचेरींत गेला. त्या वेळचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनीं त्यास हांकून दिलें नाहीं. कपाटांचे खण उघडून एकामागून एक पक्षी दाखविले, पुस्तकें वाचावयास दिलीं. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे कीं तिचें नवल राहिलें नाहीं. परंतु तिच्यांतील एक अंश सहसा लक्षांत घेतला जात नाहीं: मिलर्ड यांस त्या दिवशीं ते खण उघडतां आले, कारण त्या खणांत नमुने होते आणि प्रत्येक नमुन्यास स्थळ व तारीख यांची चिठ्ठी होती. दार उघडें ठेवण्याइतकाच आंतला संग्रह नीट राखणें हा चिटणीसाचा धर्म आहे.

१९४७ नंतर सोसायटीवर कठीण प्रसंग आला. पुष्कळ युरोपीय सभासद देश सोडून गेले, वर्गणी आटली. दीर्घकाळ संग्रह आणि जर्नल सांभाळणारे एस. एच. प्रेटर हेही विलायतेस गेले. पदवीवांचून राहिलेले, १९३० सालीं म्यूझियमांतील नोकरीही पैशाअभावीं गमावलेले, आणि पुढें खर्चापुरता पैसा मिळाला तर विनावेतन संस्थानोसंस्थानीं पक्षिगणना करीत हिंडलेले सलीम अली या वेळीं पुढें झाले. त्यांनीं पंतप्रधान नेहरूंकडे साहाय्य मागितलें, आणि संस्था तगली. मुंबई विद्यापीठानें पदव्युत्तर संशोधनासाठीं तिला मान्यता दिली. हौशी लोकांच्या या मंडळांत विद्यार्थी येऊं लागले. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कडीं घालण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. हुमायून अब्दुलअली यांनीं १९६८ पासून संग्रहांतील पक्ष्यांची सूची जर्नलांत क्रमशः छापण्यास आरंभ केला, आणि तें कंटाळवाणें काम पुढें पंचवीसांहून अधिक वर्षें चाललें. पैसा आणि इमारत मिळविणाऱ्यांचीं नांवें भिंतीवर लागतात. सूची करणाराची पुस्तिका कपाटांत जाते. येथपर्यंत पाहणारास वाटावें कीं पुनरुज्जीवनाचें कार्य पुरें झालें. परंतु एक काम राहिलें होतें, आणि तें कोणाच्या ध्यानींही नव्हतें.

ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांत कर्नल रिचर्ड माइनर्टझ्हागेन या गृहस्थाचें नांव फार मोठें होतें. लष्करी पराक्रम, दूरदूरच्या मोहिमा, हजारों पक्ष्यांचा खाजगी संग्रह, रोखठोक वाणी. असा तो पुरुष होता. १९३७ सालीं अफगाणिस्तानच्या सफरींत सलीम अली त्याच्याबरोबर होते. १९५४ सालीं त्यानें आपला सारा संग्रह ब्रिटिश म्यूझियमास दिला. त्या संग्रहांत एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलें होतें: मांडवी, तापी नदी, ऑक्टोबर १९१४. म्हणजे १८८४ नंतर तीस वर्षांनीं एका माणसास हा पक्षी दिसला, आणि तोही शहाद्यास नव्हे, तर त्याच तापीच्या कांठीं पुष्कळ खालीं, सुरत जिल्ह्यांत. ही नोंद प्रमाणभूत ग्रंथांत शिरली. एवढ्या थोर माणसाची चिठ्ठी. तिच्याविषयीं शंका कोण घेणार? वस्तुतः शंका घेण्यास जागा होती. याच माणसास विनापरवाना नमुने नेल्याबद्दल ब्रिटिश म्यूझियमाच्या पक्षिकक्षांत कांहीं काळ प्रवेशबंदी झाली होती. परंतु तें प्रकरण म्यूझियमाच्या कागदपत्रांत राहिलें, आणि नोंद पुस्तकांत राहिली.

परिणाम असा झाला कीं, या पक्ष्याच्या शोधास निघालेल्यांची दिशा चुकली. सलीम अली आणि अमेरिकेंतील स्मिथसोनियनचे डिलन रिप्ले यांनीं दोघांनीं मिळून भारतीय उपखंडांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला होता. त्यांनींही रानपिंगळ्याचा शोध घेतला, आणि १९७६ सालीं रिप्ले यांनीं सोसायटीच्या जर्नलांत या पक्ष्याविषयींचा पुनर्विचार मांडला. पक्षी सांपडला नाहीं. तो बहुधा नष्ट झाला असावा, असें मत हळूहळू रूढ झालें.

येथें थोडें थांबून विचार करण्याजोगें आहे. सलीम अली यांच्या निष्ठेविषयीं, श्रमांविषयीं, नेतृत्वाविषयीं कोणास तिळमात्र संशय नाहीं. सोसायटीनें तर त्यांच्याच प्रेरणेनें नवा जन्म घेतला. तरीही जुन्या नोंदी पुन्हां तपासणें ही गोष्ट संस्थेच्या नित्यकर्मांत नव्हती. जगांतील कोणत्याच पक्षिशास्त्रीय संस्थेच्या नित्यकर्मांत ती नव्हती. संस्था नवें काम काढतात, नवे सभासद करतात, नवा निधि उभारतात. पूर्वजांनीं लिहून ठेवलेलें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्यास मात्र सहसा कोणी बसत नाहीं. त्यांत अविनय वाटतो. आणि शास्त्रांत तर पूर्वजांचें लिखाण हेंच भांडवल! घरांतील सोनें खरें कीं खोटें हें सोनाराकडे गेल्यावांचून कळत नाहीं, आणि सोनाराकडे जाण्याचा प्रसंग येऊं नये असेंच घरच्यांस वाटत असतें.

१९९३ सालीं ॲलन नॉक्स यांनीं माइनर्टझ्हागेनच्या संग्रहांतील कांहीं लहान पक्षी बारकाईनें तपासून ते म्यूझियमांतूनच चोरलेले असल्याचें दाखविलें. त्यानंतर रिप्ले यांच्याच हाताखालीं काम केलेल्या पामेला रासमुसेन यांनीं नायजेल कॉलर यांच्यासह त्या मांडवीच्या पिंगळ्याकडे लक्ष वळविलें. पक्ष्याचें कातडें भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक हातोटी असते; शिंप्याच्या टाक्यासारखी ती ओळखतां येते. क्ष-किरणांनीं आंतील भाग पाहिला, इतर नमुन्यांशीं ताडून पाहिलें, आणि निष्कर्ष निघाला कीं हा पक्षी मुळांत डेव्हिडसन यांचा. ब्रिटिश म्यूझियमांतून तो उचलून, पुन्हां नव्यानें भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. १९१४ सालीं मांडवीस रानपिंगळा कोणीं पाहिलाच नव्हता. हा सारा पुरावा १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु त्याचा उपयोग त्यापूर्वींच करण्यांत आला होता.

खोटी नोंद बाजूस सारल्यावर शोधाचा नकाशाच बदलला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत भारतांत आले. मांडवीस न जातां ते खऱ्या नमुन्यांच्या स्थळांकडे गेले. पूर्वेकडील जुन्या जागीं त्यांस कांहींच आढळलें नाहीं. मग ते शहाद्यास आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळीं साडेआठच्या सुमारास एका निष्पर्ण झाडावर किंग यांस एक घुबड दिसलें. माथ्यावर ठिपके नव्हते. छायाचित्रें झालीं, चलच्चित्र झालें. एकशें तेरा वर्षांनंतर रानपिंगळा जेथें होता तेथेंच सांपडला. सातपुड्यांतील भिल्ल आणि पावरा लोकांच्या डोक्यावरून तो या सर्व काळांत उडत होता. त्यांस कोणीं विचारलें असतें तर कदाचित् इतका काळ लागता ना.

हा शोध सोसायटीनें लावला नाहीं, ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. ज्या पक्ष्याची वसति महाराष्ट्रांत, ज्याचे बहुतेक नमुने खानदेशांतले, तो शोधून काढला परदेशी अभ्यासकांनीं. अशा वेळीं संस्थेपुढें दोन वाटा असतात. एक मानापमानाची, दुसरी कामाची. त्याच वर्षीं, १९९७ सालीं, डॉ. असद रहमानी सोसायटीचे संचालक झाले होते. त्यांनीं कामाची वाट धरली. फराह इश्तियाक या तरुण संशोधिकेस हें काम सोंपविण्यांत आलें, आणि दोघांनीं मिळून या पक्ष्याच्या जुन्या प्रदेशांतील चौदा जंगलें पालथीं घातलीं. त्यांपैकीं चारच ठिकाणीं, उत्तर महाराष्ट्रांत आणि मध्यप्रदेशाच्या नैर्ऋत्य भागांत, मिळून पंचवीस पक्षी आढळले. शहाद्याच्या उत्तरेस तोरणमाळच्या सागवानी जंगलांत इश्तियाक यांनीं त्यांचें घरटें, आवाज, खाद्य यांचा अभ्यास केला. सरडे, पाली, उंदीर हें त्याचें अन्न. जुन्या मोठ्या झाडाची ढोली हें त्याचें घर. आणि त्याच्या हद्दींत दुसऱ्या जोडप्यास थारा नाहीं. हीं माहिती कोणत्याही जुन्या पुस्तकांत नव्हती, कारण डेव्हिडसन यांनीं पक्षी मारून भरून ठेवले, तो राहतो कसा हें लिहून ठेवण्याइतका अवकाश त्यांस मिळाला नव्हता.

त्या अभ्यासांतून संकटेंही दिसून आलीं. जुनी झाडें तुटलीं कीं ढोली जातात. घुबडाचे अवयव जादूटोण्यास लागतात अशा समजुतीनें पक्षी मारला जातो. तळोद्याच्या राखीव जंगलांतील बरीचशी जमीन सरदार सरोवरानें उठविलेल्या गांवांच्या पुनर्वसनासाठीं मोकळी करण्यांत आली होती. ज्यांचीं घरें नर्मदेच्या पाण्याखालीं गेलीं त्यांस जमीन नको होती असें कोण म्हणेल? परंतु ज्या वेळीं तो निर्णय झाला त्या वेळीं या जंगलांत जगांत दुसरीकडे जवळजवळ न आढळणारा एक पक्षी आहे, ही गोष्ट निर्णय करणारांसमोर ठेवण्यास कोणीही समर्थ नव्हतें. कारण पुस्तकांप्रमाणें तो पक्षी नामशेष झालेला होता आणि शेवटचा मांडवीस दिसला होता. एका खोट्या चिठ्ठीची किंमत कोणीं, कोठें आणि किती वर्षांनीं मोजली, याचा हिशेब असा लांबवर पोंचतो.

पुढील वर्षांत मेळघाट, यावल, तसेंच मध्यप्रदेशांतील खांडवा आणि बऱ्हाणपूर या बाजूंस रानपिंगळा आढळत गेला. त्यांतील बरेंचसें काम वनखात्यानें, स्थानिक पक्षिमित्रांनीं आणि निरनिराळ्या संस्थांच्या तरुणांनीं केलें; सोसायटीच्या हातीं एकटीच्या तें राहिलें नाहीं, आणि राहावयासही नको होतें. २०१४ सालीं तर मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यांत तो दिसला. सोसायटीच्या कचेरीपासून तें ठिकाण एका दिवसांत जाऊन येण्याजोगें. २०१८ सालीं जागतिक निसर्गसंरक्षण संघानें त्यास अतिसंकटग्रस्त या वर्गांतून काढून संकटग्रस्त या वर्गांत घातलें. पक्षी वाढले असा त्याचा अर्थ नव्हे. जे होते ते मोजले गेले, इतकाच.

त्याच सुमारास नंदुरबार जिल्ह्यास लागून असलेल्या डांगांतील पूर्णा अभयारण्यांत, म्हणजे गुजरातेंत, रानपिंगळा सांपडला. मांडवीहून तें ठिकाण फार दूर नाहीं. माइनर्टझ्हागेनच्या बाजूनें बोलणारास हा आधार वाटण्याचा संभव आहे. परंतु १९१४ ची ती चिठ्ठी त्यामुळें खरी झाली नाहीं. तिच्यावरचा पक्षी अद्यापि डेव्हिडसन यांचाच आहे. पूर्णेच्या पक्ष्याची नोंद नव्यानें, स्थळ आणि वर्ष यांसह, पाहणाराच्या नांवावर करण्यांत आली.